सायकलचं टू-स्ट्रोक इंजिन उघडताय? कानस सगळ्यात शेवटी हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकलला बसवायचं ‘80 सीसी’चं टू-स्ट्रोक किट इंजिन बऱ्यापैकी चाललेलं आहे. आता चढावर दम सोडतं, हँडलवरचे हात बधिर होतील इतकं थरथरतं आणि तापल्यावर बंद पडलं की लवकर सुरू होत नाही. मालकाला ते पूर्ण उघडून नवं करायचं आहे. त्याच फेरीत पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली, मिश्रण आत येण्याची आणि जळका वायू बाहेर जाण्याची तोंडं) मोठे करायचे, हाय-कॉम्प्रेशन हेड (मिश्रण जास्त दाबणारं सिलिंडरचं झाकण) लावायचं आणि सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर (मध्ये फुगलेला खास एक्झॉस्ट पाइप) बसवायचा, असा बेत आहे. सुरुवात कुठून करावी?

पोर्टपासून तर नक्कीच नाही. ही इंजिनं कारखान्यातून निघतानाच अर्धवट जुळवलेली असतात. पॅकिंग पोर्टच्या तोंडावर आलेलं, हेड नीट न टेकलेलं, कार्बोरेटरचा सांधा हवा ओढणारा, इनटेकचा पाइप आणि सिलिंडरचं भोक एकमेकांसमोर नाहीत. ‘मॉडिफिकेशन’ने मिळाली म्हणून सांगितली जाणारी ताकद बऱ्याचदा हे दोष निघाल्यामुळेच मिळालेली असते. ते दोष तसेच ठेवून पोर्ट कापलेत, तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही. शिवाय कानशीने काढलेला धातू परत लावता येत नाही.

आधी आकडे बघू. 80 सीसी हे विकण्यापुरतं नाव आहे. या किटमध्ये सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) साधारण 47 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 38 किंवा 40 मिमी असतो. हिशोब केला तर 65.9 किंवा 69.4 सीसी येतात. ‘50’ म्हणून विकलं जाणारं लहान भावंड 40 × 38 म्हणजे पावणेअठ्ठेचाळीस सीसीचं. आपलं कुठलं आहे ते हेड काढल्यावर व्हर्नियरने मोजा. दिसायला अगदी सारख्या इंजिनांत स्ट्रोक, गजन पिनची (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनची) उंची आणि स्टडचा व्यास वेगळा निघतो, आणि मागवलेला पिस्टन मग बसत नाही.

उघडण्यापूर्वी एक चाचणी करा. इनटेक आणि एक्झॉस्टचं तोंड रबर व पट्टीने घट्ट बंद करा, आणि ज्या तोंडावर सोयीचं पडेल तिथून सायकलच्या पंपाने साधारण 6 पीएसआय दाब भरा. जास्त नको, ऑइल सील निसटतील. मध्ये एक छोटं प्रेशर गेज हवंच. पाच-सहा मिनिटांत दाब एक पीएसआयपेक्षा जास्त उतरला, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा : हेडखाली, सिलिंडरच्या बुडाशी, क्रँककेसच्या (क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, जिच्यात बसतो त्या पेटीच्या) दोन अर्ध्यांच्या सांध्यावर, मॅग्नेटमागच्या सीलवर. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस गळली तर तेल ठिबकतं. इथे क्रँककेस हाच मिश्रण ढकलणारा पंप आहे. तो गळला की बाहेरची हवा आत येते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्याबरोबर तेलही घटतं, आणि पिस्टन धरतो. तुमची चढावरची तक्रार मला तरी इथलीच वाटते.

तापल्यावर सुरू न होण्याची दोन कारणं मुख्य. एक म्हणजे झिजलेल्या रिंगा आणि खराब झालेले सील, त्यामुळे कमी झालेलं कॉम्प्रेशन. दुसरं म्हणजे मॅग्नेटोची कॉइल, जी गार असताना ठिणगी देते आणि तापली की सोडते. बंद पडल्या पडल्या प्लग काढून बॉडीला टेकवा, इंजिन फिरवून ठिणगी बघा (पेट्रोलची वाफ प्लगच्या भोकातून येते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब धरा). ठिणगी नारिंगी, बारीक किंवा गायब असेल तर कॉइल बदला. इंजिन उघडून तो आजार जाणार नाही.

आता उघडणं. मॅग्नेट, छोटा गिअर आणि क्लच काढायला पुलर वापरा. क्रँकच्या टोकावर हातोडी अजिबात नको. हा क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन दाबून बसवलेला असतो. बाजूने एक ठोका बसला तरी चकत्या एकमेकींपासून सरकतात आणि मग नवी बेअरिंगही लवकर जातात. क्रँक बाहेर आल्यावर दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने डोल मोजा. 0.05 मिमीच्या आत असेल तर ठीक, जास्त असेल तर क्रँक सरळ करणाऱ्या कारागिराकडे न्या किंवा बदला. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. मोठ्या टोकाला त्या दिशेने जाणवणारी ढिलाई चालत नाही. बाजूला थोडी हलली तर हरकत नाही, तेवढी जागा मुद्दाम सोडलेली असते.

सुटे भाग धुण्यापूर्वी वाचा. ही पायरी सगळे टाळतात आणि पुढच्या वेळी तोच बिघाड पुन्हा विकत घेतात. पिस्टनवर चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर इंजिन गार असताना जोरात पळवलं गेलं, किंवा पिस्टन-सिलिंडरमधली फट कमी आहे. पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर उशिरा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला खरवडलं असेल तर तेल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ होतं, कारण सगळ्यात तापणारी बाजू तीच. इनटेकच्या बाजूला मंद, करडी, बारीक रेघांची झीज दिसली तर ती धूळ आहे, एअर फिल्टर नावापुरता आहे. पिस्टनच्या डोक्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा भडका, झालंय. अशा इंजिनला हाय-कॉम्प्रेशन हेड लावायचा विचार सध्या सोडा.

सिलिंडरच्या आतून चुंबक लावून पाहा. चिकटला तर ओतीव लोखंडाचा लायनर आहे. तो बोअर करता येतो, होन करता येतो (आतून दगडाने घासता येतो), ओव्हरसाइज पिस्टन मिळाला तर बसवता येतो. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमवर क्रोमचा पातळ थर आहे, आणि या किटांत बहुधा तेच असतं. त्याला होन लावू नका. पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल घेऊन, हाताने हळूहळू काढा. पोर्टच्या कडेला थर पापुद्र्यासारखा सुटला असेल तर सिलिंडर टाकून द्या. तो पापुद्रा रिंग पकडतो.

नव्या रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून, पोर्ट नसलेल्या पट्ट्यात, टोकांमधली फट फीलर गेजने बघा. 47 मिमी बोअरला 0.15 ते 0.25 मिमी बरी. फट अर्ध्या मिलिमीटरकडे गेली की रिंग संपली समजा. पिस्टन-सिलिंडरची फट 0.04 ते 0.06 मिमी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. हा नियम शोभेचा नाही. रिंगची टोकं अडवणाऱ्या खुंट्या अशा ठेवलेल्या असतात की ती टोकं कुठल्याही पोर्टवरून जात नाहीत. पिस्टन उलटा बसला तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. गजन पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या, आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली, बाजूला नको. लहान टोकाचं सुई-बेअरिंगही या इंजिनांचं कच्चं अंग आहे, त्याच्या पिंजऱ्यात चीर दिसली की बदला. क्रँकची बेअरिंग बहुतेक किटांत 6202 निघतात, तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच आणा आणि सी3 फटीची (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेली) घ्या. केस शंभर अंशांपर्यंत गरम केली की ती हाताने बसतात, ठोकावं लागत नाही.

स्टडबद्दल थोडं. किटसोबत आलेले स्टड मऊ असतात. 8.8 ग्रेडचे बसवा, केसमधले आटे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाका. जास्त मोठं भोक पाडून जाडा बोल्ट घालायचा मोह टाळा, केसची भिंत तेवढी जाड नसते. हेड आणि सिलिंडरचा माथा जाड काचेवर 400 आणि मग 600 नंबरचा पेपर चिकटवून आठच्या आकड्यात घासा, सगळीकडे सारखी करडी छटा येईपर्यंत. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत : 6 मिमी स्टडला 10 ते 12 न्यूटन-मीटर, 8 मिमीला 16 ते 18. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

बुडाचं आणि इनटेकचं पॅकिंग किटमधलं न वापरता चांगल्या पॅकिंग पेपरचं कापून घ्या, पोर्टच्या तोंडाशी तंतोतंत. कार्बोरेटर जिथे पाइपवर चिमट्याने धरला जातो तो सांधा तर हमखास हवा ओढतो. तिथे बसेल अशी ओ-रिंग घाला. जोडणी झाली की तीच दाबाची चाचणी पुन्हा. ती पास झाल्याशिवाय पेट्रोल घालू नका.

थरथरीचं कारण समजून घ्या, म्हणजे रबरी पट्ट्यांवर वेळ जाणार नाही. एकाच सिलिंडरच्या इंजिनात वर-खाली जाणारं वजन पूर्ण तोलता येत नाही. त्यातला काही भाग क्रँकच्या प्रतिभाराने तोलायचा आणि उरलेलं सोसायचं. या किटांत पिस्टन आणि पिनच्या मानाने प्रतिभार तोकडा असतो. मोजायची रीत सोपी आहे. क्रँक दोन समतल, घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांवर ठेवा. कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकाला वजन लटकवत जा, क्रँक ज्या स्थितीत सोडाल तिथेच थांबेपर्यंत. ते वजन अधिक लहान टोकाचं स्वतःचं वजन, याला पिस्टन, पिन, रिंगा, सर्क्लिप, सुई-बेअरिंग आणि लहान टोक यांच्या एकूण वजनाने भागा. 50 ते 60 टक्क्यांच्या आसपास आलं तर सायकलच्या चौकटीला सहन होतं. बरंच कमी आलं तर आधी हलकी गजन पिन शोधा. त्याने भागलं नाही तर क्रँकपिनच्या बाजूला चकत्यांना भोकं पाडून तिथलं वजन घटवतात आणि भोकं ॲल्युमिनियमच्या बुचाने बंद करतात. बुच लावलं नाही तर क्रँककेसची पोकळी वाढते आणि पंप दुबळा होतो. घरच्या ड्रिलने मात्र हे करू नका. क्रँकपिनचं भोक जवळच असतं, आणि तिथली पकड ढिली झाली की क्रँक भंगारात.

आता हेड. कॉम्प्रेशन वाढवण्यापूर्वी स्क्विश मोजा, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या कडेची आणि हेडची फट. प्लगच्या भोकातून दीड-दोन मिमी जाडीची सोल्डरची तार, गजन पिनच्या रेषेत, सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत घाला आणि इंजिन हाताने फिरवा. चेपलेली जाडी म्हणजे स्क्विश. किटमध्ये ती दीड मिमीच्या वर सहज मिळते. 0.8 ते 1 मिमीवर आणली तर कडेचं मिश्रण प्लगकडे ढकललं जातं, जळणं वेगवान होतं आणि डिटोनेशनचा धोका उलट कमी होतो. हेड बदलण्याआधी हे करून पाहा. फरक पायाला कळतो.

कॉम्प्रेशनचा आकडा काढायला पिस्टन वर असताना प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल भरून पोकळी मोजा. 69.4 सीसीच्या इंजिनात 10 सीसी पोकळी असेल तर भौमितिक गुणोत्तर 7.9, आणि 8 सीसी असेल तर 9.7. दोन सीसींनी केवढी उडी पडते बघा. या किटांत मॅग्नेट चावीवर (दांड्याच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या तुकड्यावर) बसलेला असतो, ठिणगीची वेळ सहज मागे घेता येत नाही, म्हणून मी रस्त्यावरच्या सायकलसाठी साडेआठच्या वर जात नाही. कॉम्प्रेशन वाढवलं की प्लग एक पायरी थंड घ्यायचा. एनजीकेच्या क्रमात बी6एचएसच्या जागी बी7एचएस.

पोर्टकडे येऊ. क्रँकवर अंशाची चकती लावा, तार बांधून काटा करा, आणि प्रत्येक पोर्ट किती अंश उघडा राहतो ते लिहून काढा. अंदाजाने कापणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. 40 मिमी स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचं छत फक्त 1 मिमी वर सरकवलं की उघडं राहण्याचा काळ सुमारे 6 अंशांनी वाढतो. ट्रान्सफरचं (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणाऱ्या पोर्टचं) छत तेवढंच सरकवलं तर साडेसात अंशांच्या आसपास. म्हणजे दोन-तीन मिलिमीटर ‘थोडंसं’ कापलं की सायकलचं इंजिन शर्यतीच्या वळणावर जातं. वर फिरलं तर जोर, खाली काहीच नाही. पायडल मारून सुरू करायच्या, एकाच गिअरच्या वाहनाला ते निरुपयोगी आहे.

रस्त्यासाठी मला एक्झॉस्ट 155 ते 162 आणि ट्रान्सफर 114 ते 118 अंश पुरे वाटतात. दोघांतला फरक भागिले दोन, म्हणजे ट्रान्सफर उघडण्याआधी जळका वायू बाहेर पडायला मिळणारा अवकाश. तो 20 ते 22 अंश असू द्या. कमी असेल तर दाबातला जळका वायू ट्रान्सफरमधून क्रँककेसमध्ये घुसतो. उंची आधीच तेवढी असेल तर ती सोडा आणि रुंदीकडे वळा. एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे 47 मिमीला सुमारे 28 मिमी, ठेवली तर रिंग सुरक्षित राहते. त्यापुढे ती पोर्टमध्ये फुगते. क्रोमचा थर असेल तर बरचे (ड्रिलला लावायच्या फिरत्या कानशीचे) दात सिलिंडरच्या आतून बाहेरच्या धातूकडे जातील अशा दिशेने कापा. उलट्या दिशेने थर उचलला जातो. कापून झालं की पोर्टची प्रत्येक कड बारीक दगडाने किंवा पेपरने मोडा. धारदार कड राहिली तर पहिल्या तासाभरात रिंगा तासल्या जातील. दोन्ही ट्रान्सफर एकमेकांचं प्रतिबिंब हवेत. एक डावा, एक उजवा, आणि उंचीत फरक असेल तर येणाऱ्या मिश्रणाचे झोत मधोमध भेटत नाहीत, ताजं मिश्रण थेट एक्झॉस्टमधून निघून जातं.

इनटेकला शक्यतो फक्त जुळवणी करा : पाइप, पॅकिंग आणि भोक एका रेषेत. काळ वाढवायचाच तर पिस्टनचा इनटेककडचा खालचा घेर कापता येतो. तिथेही 1 मिमीला जवळपास 6 अंश पडतात. 130 च्या पुढे गेलात की कमी वेगात मिश्रण कार्बोरेटरमधून परत थुंकलं जातं आणि फिल्टर पेट्रोलने भिजतो. पिस्टन हा स्वस्त, बदलता येणारा भाग आहे, म्हणून प्रयोग करायचा तर सिलिंडरवर करण्यापेक्षा त्याच्यावर करा.

सिलिंडरखाली जाड-पातळ पॅकिंग घालून सगळे पोर्ट एकदम वर-खाली करता येतात हे बरेच जण विसरतात. स्क्विश घट्ट करायला सिलिंडर खाली आणलात तर एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरचे अंश घटतात, इनटेकचे मात्र वाढतात. म्हणून क्रम असा : आधी स्क्विश ठरवा, मग अंश मोजा, मग कापायचं की नाही ते ठरवा.

एक्स्पान्शन चेंबर हा भाग खरा जादूचा आहे, पण तो आकड्यांशी बांधलेला. एक्झॉस्ट उघडल्यावर निघालेली दाबाची लाट रुंद होत जाणाऱ्या शंकूतून जाताना मागे खेच निर्माण करते. शेवटच्या अरुंद शंकूवर आपटून परत येताना ती बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी आत दाबते. पूर्व जर्मनीतल्या एमझेडमध्ये वाल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात हे तंत्र शर्यतीच्या मोटारसायकलींवर पक्कं केलं, आणि लहान टू-स्ट्रोकचा सगळा हिशोब बदलला. लाट परत येण्याची वेळ पाइपच्या लांबीवर ठरते. लाटेचा वेग सेकंदाला 500 मीटर धरला, एक्झॉस्टचा काळ 160 अंश आणि हवा असलेला वेग मिनिटाला 7000 फेरे, तर पिस्टनच्या तोंडापासून परतीच्या शंकूपर्यंत साधारण 95 सेंमी लांबी येते. सूत्र सरळ आहे : मिलिमीटरमध्ये लांबी म्हणजे 41,700 गुणिले अंश भागिले फेरे. सायकलचं इंजिन बहुतेक वेळ 5000 च्या आसपास फिरत असेल तर याच हिशोबाने 133 सेंमी लागतील. किटसाठी म्हणून विकले जाणारे आखूड पाइप दिसतात शर्यतीसारखे, पण ज्या वेगावर ते काम करतात तिथे हा क्रँक फार काळ टिकत नाही. लांबी मोजूनच पाइप घ्या. त्याचा आधार इंजिनलाच द्या, चौकटीला नको, नाहीतर थरथरीने एक्झॉस्टचे स्टड तुटतात.

यातलं काहीही बदललं की जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, पुन्हा बघायचा. जेटवरचा आकडा साधारणपणे भोकाचा व्यास शतांश मिलिमीटरमध्ये असतो. 70 वरून 75 वर गेलात तर क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी वाढतं, म्हणून एकेक पायरीने जा. सुरुवात जाड मिश्रणाने करा : पूर्ण थ्रॉटलला इंजिन अडखळत, एक ठोका सोडून फोर-स्ट्रोकसारखं वाजलं पाहिजे. तिथून जेट लहान करत, ते अडखळणं नुकतं जाईल तिथे थांबा. मग लांब सपाट रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला पळवून, त्याच क्षणी इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग काढून बघा. चिनी मातीच्या बुडाशी तपकिरी वलय हवं. पांढराशुभ्र प्लग म्हणजे धोका.

तेलाचं प्रमाण रनिंग-इनला (नवे भाग एकमेकांत रुळेपर्यंत) 20:1, म्हणजे लिटरला 50 मिली, आणि नंतर जेएएसओ (तेलाचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं तेल घेऊन 32:1, म्हणजे लिटरला 31 मिली. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ हे अर्धंच खरं. तेल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण पातळ होतं. प्रमाण बदललं तर जेटही पुन्हा तपासा.

सायकलकडेही बघा. तीस-चाळीसच्या वेगाला साधे रिमचे ब्रेक अपुरे पडतात, आणि मागच्या चाकाचा स्प्रॉकेट रबरी चकत्यांमध्ये आऱ्यांवर आवळलेला असेल तर एकेक आरा सुटत जातो. शिवाय इंजिन लावलेली सायकल बऱ्याच देशांत कायद्याने मोटारवाहन ठरते, आपल्याकडे काय आहे ते आधी विचारून घ्या.

चालवताना ओळखायची एक खूण. थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे फेरे उतरायला वेळ लागतोय, किंवा उभ्या जागी आपोआप चढतायत, तर कुठला तरी सांधा हवा ओढायला लागलाय. चोक ओढा. त्याने फेरे सुरळीत झाले तर शंका पक्की. तिथेच इंजिन बंद करा, घरापर्यंत पायडल मारत या आणि पंप व साबणाचं पाणी घेऊन बसा.